स्वतःच्या हक्काविरुद्धचा कौल

अमेरिकेतील अलाबामा राज्यात ११ नोव्हेंबर १९०१ रोजी नव्या राज्यघटनेवर मतदान झाले. बाजूने १,०८,६१३ मते, विरोधात ८१,७३४. घटना मंजूर झाली. बेरीज एवढीच पाहिली तर हा रीतसर लोककौल वाटतो. जिल्हावार आकडे मांडले की चित्र पालटते.

घटना-परिषदेचे अध्यक्ष जॉन नॉक्स यांनी उद्घाटनाच्या भाषणातच हेतू सांगून टाकला होता : गोऱ्यांचे वर्चस्व कायद्याने प्रस्थापित करणे. त्यासाठी साक्षरतेच्या आणि मालमत्तेच्या अटी आल्या. शिवाय वर्षाला दीड डॉलरचा मतदान-कर, तोही थकला की साठत जाणारा.

कापूसपट्ट्यातील डॅलस, हेल आणि विल्कॉक्स या तीन जिल्ह्यांत कृष्णवर्णीय बहुसंख्य होते. मतदानाच्या वयाचे गोरे पुरुष ५,६२३. मोजणीत मात्र घटनेला १७,४७५ मते निघाली, विरोधात अवघी ५०८! हजारो कृष्णवर्णीयांनी आपलाच मताधिकार आनंदाने सोडून दिला, असे मानायचे काय? मोजणारे हात अर्थातच गोऱ्यांचे होते. हा सारा पट्टा वगळला, तर उर्वरित राज्याने ७२,३८९ विरुद्ध ७६,२६३ मतांनी घटना नाकारलीच होती.

दोनच वर्षांत राज्यात नोंद असलेले कृष्णवर्णीय मतदार तीन हजारांच्याही आत आले. मतदान-कराने पुढे असंख्य गरीब गोऱ्यांनाही यादीबाहेर ठेवले.

डॅलस जिल्ह्याचे मुख्य गाव सेल्मा. मार्च १९६५ मध्ये मताधिकारासाठी निघालेल्या मोर्चावर लाठ्या चालल्या, त्या याच गावाच्या पुलावर. १९०१ च्या कागदांत ज्यांची संमती नोंदवली गेली, त्यांच्याच नातवंडा-पतवंडांनी तेथे खरे मत सांगितले.