झूमवरून टीम्सला थेट कॉल का लागत नाही? दोन संस्थांमधल्या व्हिडिओ कॉलचं गणित

जिओवरून एअरटेलला फोन लागतो. जीमेलवरून रेडिफमेलला मेल जातो. समोरच्याकडे कुठल्या कंपनीची सेवा आहे, हे आपण विचारतही नाही. पण तुमच्या ऑफिसात झूम आणि समोरच्या बँकेत मायक्रोसॉफ्ट टीम्स असेल, तर झूम उघडून त्यांना थेट कॉल लावता येत नाही. एकाने लिंक पाठवायची आणि दुसऱ्याने त्याच्या दारात जायचं, हाच सोपा मार्ग उरतो.

गंमत म्हणजे आधी ही अडचण कमी होती. १९९६ मध्ये आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेने एच.३२३ नावाचं मानक आणलं, १९९९ मध्ये सिप आलं. दोन वेगळ्या कंपन्यांची कॉन्फरन्स रूममधली यंत्रं हीच ठरलेली भाषा बोलत असली, की एकमेकांना कॉल लावता यायचा. (यंत्रं महाग होती आणि ती जोडताना आयटीवाल्यांची दमछाक व्हायची, तो भाग वेगळा.) मग अ‍ॅप्स आली आणि प्रत्येकाने आपापल्या सर्व्हरवर आपापली बोली सुरू केली. वेबआरटीसी हे ब्राउझरचं मानक २०२१ मध्ये पक्कं झालं, पण ते आवाज आणि चित्र कसं पोचवायचं तेवढंच ठरवतं. समोरच्याला शोधायचं कसं, रिंग कशी द्यायची, हे कंपन्यांवर सोडलेलं आहे. मधे दुभाषाचं काम करणाऱ्या पेक्सिपसारख्या सेवा आहेत, पण त्या पैसे मोजून घ्याव्या लागतात.

म्हणून लिंक. आणि खरी गडबड इथूनच सुरू होते.

सगळ्यात जास्त घोळ घालते ती फायरवॉल, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कचा वॉचमन. व्हिडिओ कॉल शक्यतो यूडीपी या वेगवान वाटेने जातो. झूम त्यासाठी ८८०१ ते ८८१० हे पोर्ट वापरतं, टीम्स ३४७८ ते ३४८१. तुमच्या ऑफिसात फक्त टीम्स चालत असेल, तर वॉचमनने झूमची दारं बंद ठेवलेली असू शकतात. अशा वेळी अ‍ॅप साध्या वेबसाइटच्या वाटेने, ४४३ पोर्टवरून जायचा प्रयत्न करतं. कॉल लागतो, पण चित्र अडकतं, आवाज तुटतो आणि सगळे नेटच्या नावाने बोटं मोडतात. म्हणून आदल्या दिवशी चाचणी करा, पण त्याच लॅपटॉपवरून, त्याच खोलीतून, त्याच नेटवर्कवर. घरच्या वायफायवर मोबाइलवरून केलेल्या चाचणीला काहीच अर्थ नाही. चाचणीसाठी झूमचं 'झूम डॉट यूएस स्लॅश टेस्ट' हे फुकट पान आहे.

दुसरा अडथळा लॉबीचा, झूमच्या भाषेत वेटिंग रूमचा. बाहेरच्या संस्थेची माणसं बहुतेक वेळा आधी तिथेच थांबतात. ज्याने लिंक बनवली तोच त्या दिवशी रजेवर असेल, तर त्यांना आत घेणार कोण? दुसऱ्या कुणालातरी आत घेण्याचा अधिकार आधीच देऊन ठेवा.

रोज बोलणं होत असेल, तर टीम्समध्ये लिंकशिवायही दोन सोयी आहेत, आणि त्यांची हमखास गल्लत होते. 'एक्स्टर्नल अ‍ॅक्सेस' म्हणजे बाहेरच्या टीम्सवाल्यांशी ओसरीवर गप्पा: दोन्हीकडच्या आयटी विभागांनी परवानगी दिली असेल, तर थेट चॅट आणि कॉल होतो. 'गेस्ट अ‍ॅक्सेस' म्हणजे माजघरात प्रवेश. ज्या टीममध्ये पाहुण्याला घेतलं, तिथल्या फाइल्सही त्याला दिसू शकतात. एका कॉलसाठी हे करू नका.

मग यजमान कोणी व्हायचं? ज्याचे नियम कडक, त्याने. बँक, हॉस्पिटल, सरकारी कार्यालय यांना दुसऱ्याचं अ‍ॅप टाकायची मुभा नसते. तुम्ही मात्र ब्राउझरमधून जाऊ शकता. एप्रिल २०२० मध्ये आपल्या गृह मंत्रालयाने झूम सुरक्षित नसल्याचं सांगून सरकारी कामासाठी ते वापरू नका, अशी सूचना काढली होती. तेव्हा कित्येक ठरलेल्या कॉलची लिंक बदलावी लागली असणार.

पण यजमानाच्या हातात जास्त सत्ता असते, हे विसरू नका. रेकॉर्डिंग सहसा यजमानाच्या खात्यात जाऊन बसतं, तुमच्या नाही. देणगीदारासमोर हिशेब मांडणारी छोटी संस्था असो की नोकरीची मुलाखत देणारी तरुणी, रेकॉर्ड होणार का आणि प्रत मिळणार का, हे मेलवर आधीच विचारून घ्यावं. शिवाय हल्ली नोंदी घेणारे एआय बॉटही कॉलमध्ये येऊन बसतात. यादीत अनोळखी नाव दिसलं, तर 'हे कोण?' म्हणून विचारायला लाजू नका.

फुकट खात्यावर यजमान होणार असाल, तर झूमची मीटिंग ४० मिनिटांत संपते. मीटवर तीन किंवा जास्त जण असतील, तर ६० मिनिटं. अमेरिकेतल्या संस्थेशी दर आठवड्याला कॉल असेल, तर मार्च आणि नोव्हेंबरमध्ये वेळ पुन्हा तपासा. तिथली घड्याळं बदलतात, आपली नाही.

या भिंती तोडायची कायदेशीर सुरुवात युरोपात झाली आहे. युरोपियन युनियनच्या डिजिटल मार्केट्स अ‍ॅक्टखाली सप्टेंबर २०२३ मध्ये व्हॉट्सअ‍ॅप आणि मेसेंजरवर इतर अ‍ॅपशी जोडून घेण्याचं बंधन आलं. आधी मेसेज आणि चार वर्षांच्या आत व्हिडिओ कॉल, तेही दुसऱ्या अ‍ॅपने मागणी केली तरच. झूम आणि टीम्सचा त्या यादीत समावेश नाही.