कवटीतल्या गाठीचा पत्ता

चला, उतरा घोडागाडीतून. बूट जपा, रस्ताभर लीद पडलीय. लंडन, 1884चा नोव्हेंबर. कोळशाच्या धुराने घसा खवखवतोय? खोका बिनधास्त, इथे सगळेच खोकतात. रीजंट्स पार्कचं फेफऱ्याचं आणि पक्षाघाताचं रुग्णालय आलं, आत शिरा.

कार्बोलिकचा उग्र वास थेट नाकात चढतो. रबरी हातमोजे शोधू नका, शस्त्रक्रियेत ते अजून आलेलेच नाहीत. बोटं त्या जंतुनाशक कार्बोलिकच्या द्रावणात बुडवा. झोंबेल, पण इलाज नाही.

टेबलावर स्कॉटलंडचा 25 वर्षांचा शेतकरी निजलाय. डोक्याचा गोटा केलेला. क्लोरोफॉर्मच्या गोडसर वाफा येताहेत. फार वाकाल तर तुम्हीच आडवे व्हाल.

गाठ कुठे दिसते? कुठेच नाही. क्ष-किरणांना अजून 11 वर्षं अवकाश आहे. ह्यूज बेनेट या डॉक्टरांनी नुसती दुखण्याची हकिकत तपासलीय: आधी चेहऱ्याच्या डाव्या बाजूला झटके, मग डाव्या हाताला, पुढे पंजाच लुळा. डाव्या अंगाची हालचाल मेंदूचा उजवा भाग चालवतो. तेव्हा कवटी उजवीकडे, इथेच उघडा, असं ते बोट ठेवून सांगतात.

सर्जन रिकमन गॉडली, जंतुनाशक शस्त्रक्रियेचे प्रणेते जोसेफ लिस्टर यांचे भाचे, हत्यार फिरवू लागतात. हाडाची करकर तुमच्या दाढांत उतरते. आवरण बाजूला होतं. आत मेंदू ठोक्यासरशी हलतोय, आणि वरून चक्क धडधाकट! आता? गॉडली चीर देतात. पाव इंच खाली अक्रोडाएवढी टणक गाठ! चेतापेशींना आधार देणाऱ्या ग्लिअल पेशींतून वाढलेली, म्हणजे ग्लायोमा. बोटाने, धारदार चमच्याने ती खरवडून निघते. रक्त थांबवायला विजेवर तापवलेली तार टेकते आणि जळक्या मांसाचा भपका येतो. तोंडावर रुमाल धरा.

टाळ्या वाजवू नका इतक्यात. झटके थांबतील, डोकेदुखीही जाईल. पण जखमेत संसर्ग होऊन 28व्या दिवशी हा तरुण दगावेल. बेनेट यांनी सांगितलेला पत्ता मात्र अचूक निघाला. त्या भरवशावर दोन वर्षांत व्हिक्टर हॉर्सली याच शहरात, क्वीन स्क्वेअरच्या रुग्णालयात, कवट्या उघडू लागतील. तिकडेही यायचं असेल तर आधी हात धुवा, कोपरापर्यंत.