सुईणबाईचा हात आणि पोलिओचा पाय

आमच्या वाटूर गावात पोरगं तापानं फणफणलं आणि पाय लुळा पडला, की आधी सुईणबाई यायची, डॉक्टर नंतर. माझ्या वेळीही तसंच. घाण्यावरचं करडईचं तेल ती निखाऱ्यावर कोमट करी, घोट्यापासून मांडीकडे अंगठ्यानं चोळी, मग तव्यावर तापवलेल्या पुरचुंडीनं शेक देई. मी बोंबलायचो, तिला त्याचं काही नव्हतं.

शेकाची कल्पना काही अडाणी नव्हती. ऑस्ट्रेलियातली नर्स एलिझाबेथ केनी पोलिओच्या पोरांना प्लास्टरात जखडण्याऐवजी लोकरीच्या गरम ओल्या पट्ट्यांनी शेकायची, पाय हलवायला शिकवायची. १९४० मध्ये ती अमेरिकेत गेली, तेव्हा बऱ्याच डॉक्टरांनी नाकं मुरडली. मुंबईत १९५२ च्या सुमारास पोलिओची साथ आली आणि केईएम रुग्णालयात देशातली पहिली फिजिओथेरपीची शाळा निघाली. वाटूरकरानं तिथं जायचं म्हणजे परतूरला रेल्वे धरायची, मनमाडला गाडी बदलायची. कोण जाणार?

पण विषाणूनं पाठीच्या कण्यातल्या पेशीच मारल्या, तर चोळून पाय उभा राहत नाही. चोळण्यानं दुखणं हलकं होतं, एवढंच. चालवतात ते व्यायाम आणि कॅलिपर. ऐन तापात रगडणं तर घातकच. सुईणबाई नेमकी तेव्हाच रगडायची.

नैसर्गिक पोलिओ विषाणूचा देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्यात सापडला. आम्हा जुन्या पोरांचे पाय मात्र उतारवयात नव्यानं दुखू लागतात, आणि हौशी मालिशवाल्याला 'हळू' म्हणून सांगावं लागतं.