कांसवाची चाल

सदरमध्यें रेसिडेन्सी रोडनें सायंकाळीं फिरावयास निघालें असतां अलीकडे मुलांस ‘कोडिंग’, म्हणजे संगणकास क्रमवार आज्ञा लिहून देण्याची विद्या, शिकविणाऱ्या वर्गांच्या पाट्या दृष्टीस पडतात. गेल्या उन्हाळ्यांत आमचे एक शेजारी आपल्या अकरा वर्षांच्या कन्येस घेऊन आले व म्हणाले, “प्रोफेसरसाहेब, हिला या वर्गांत घालावें कीं नाहीं? न घातलें तर पोर मागें पडेल म्हणतात.” हें भय कितपत खरें, याचा निर्णय करण्यापूर्वीं ही विद्या मुलांच्या हातीं प्रथम कोणत्या हेतूनें देण्यांत आली, हें पाहणें अगत्याचें आहे.

तो हेतु नोकरीचा नव्हता. १९६७ सालीं अमेरिकेंतील केंब्रिज येथें सेमूर पॅपर्ट, सिंथिया सॉलोमन व त्यांचे सहकारी यांनीं मुलांसाठीं ‘लोगो’ नांवाची संगणक-भाषा रचिली. पॅपर्ट हे मूळचे दक्षिण आफ्रिकेंतील गणिती. जिनिव्हा येथें जाँ पियाजे यांच्याजवळ त्यांनीं कांहीं वर्षें काम केलें होतें. ज्ञान हें मुलाच्या डोक्यांत ओतावयाचें नसून तें त्यानें स्वतः रचावयाचें असतें, हें तत्त्व त्यांनीं तेथून आणिलें. पुढें या भाषेस एक कांसव मिळालें: प्रथम जमिनीवर चालणारें यंत्र, नंतर पडद्यावरील लहानशी आकृति. ‘पुढें शंभर, उजवीकडे नव्वद अंश’ ही आज्ञा चार वेळां दिली कीं कांसवाच्या मागें चौरस उमटतो.

त्रिकोणाच्या वेळीं मात्र गंमत होते. समभुज त्रिकोणाचा कोन साठ अंशांचा, हें पाठ असलेलें मूल साठच सांगतें, आणि कांसव भलतीकडे जातें; कारण त्यानें वळावयाचें तें बाहेरील कोनानें, म्हणजे एकशेंवीस अंशांनीं. १९८० सालच्या ‘माइंडस्टॉर्म्स’ या ग्रंथांत पॅपर्ट यांनीं अशा चुकीस मोठा मान दिला आहे. चूक पुसावयाची नाहीं. ती कोठें झाली हें शोधावयाचें, एवढाच त्याचा मथितार्थ.

आपल्याकडे १९८४–८५ मध्यें केंद्र सरकारनें ‘क्लास’ या योजनेखालीं निवडक शाळांस ‘बीबीसी मायक्रो’ हे ब्रिटिश बनावटीचे संगणक दिले. २००७ सालीं ‘स्क्रॅच’ आलें, व टंकलिखित आज्ञांच्या जागीं रंगीत ठोकळे एकांत एक बसविण्याचा खेळ सुरू झाला. २०१६ पासून ‘एसीएम इंडिया’ या संस्थेच्या ‘सीएसपाठशाला’ उपक्रमानें तर संगणकावांचून, कागद-पेन्सिल व खेळ यांच्या आधारें हाच विचार शाळांत नेला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें सहावी ते आठवीच्या टप्प्यांत कोडिंगला स्थान दिलें. तेव्हांपासून पालकांची धांदल वाढली.

मीं शेजाऱ्यांस उत्तर न देतां मुलीच्या धाकट्या भावास अंगणांत उभें केलें. तो कांसव, आज्ञा ताईच्या. तिनें पांच पाउलें व साठ अंश असें तीन वेळां सांगितलें, आणि कांसव तुळशीवृंदावनाशीं जाऊन थडकलें. वडील उत्तर सांगूं लागले, त्यांस मीं हातानें थांबविलें. मुलगी स्वतः कांसव होऊन चालली, कोपऱ्यावर थबकली, आणि म्हणाली, “अहो, इथें तर जास्तच वळावं लागतं!”

मला माझी शाळा आठवली. तेथें चुकलेल्या गणितावर तांबडी रेघ ओढीत. ती कां ओढिली, हें कोणी सांगत नसे. पुढें मी गणित सोडून इतिहासाकडे वळलों. त्यांत आवड किती होती व भीति किती, हें आज पन्नाशी उलटल्यावरहि मला नीट सांगतां येत नाहीं.

म्हणून शेजाऱ्यांस एवढेंच सांगितलें कीं, वर्गांत अवश्य घाला, परंतु फी भरण्यापूर्वीं एक गोष्ट विचारून या: मूल चुकलें म्हणजे तुम्ही काय करतां? ज्या ठिकाणीं चूक लपवून तयार खेळ पालकांस दाखविला जातो, तेथें मूल आज्ञा देण्यास नव्हे, आज्ञा पाळण्यास शिकतें.