रविवार कोणाचा?



मागच्या महिन्यात गटाच्या बैठकीत बचतीची वही मिटल्यावर आम्ही एक साधा प्रश्न विचारला. तुमची सुट्टी कोणत्या वारी असते? आधी सगळ्या हसल्या. मग एक काकू म्हणाल्या, "आमले कसानी सुट्टी, ताई?" रविवारी तर काम वाढतं, असं त्यांचं म्हणणं.

आम्ही मिळून हिशेब मांडला, तर ते खरंच निघालं. रविवारी शाळा बंद, म्हणजे शाळेतली खिचडी नाही. घरी एक स्वयंपाक वाढला. अंगणवाडी बंद, म्हणजे धाकटं पोर दिवसभर कडेवर. आठवड्याचे गणवेश धुवायचे तेही रविवारीच. मिरचीचा हंगाम असला तर देठ खुडायला जायचं. तिथे गेलं तर मजुरी, नाही गेलं तर नाही. मग हा रविवार आहे तरी कोणाचा?

ही सुट्टी आली कुठून, हे माहीत असलं की या प्रश्नाचं उत्तर सापडतं. म्हणून आज ती गोष्ट सांगतो.

दीडशे वर्षांपूर्वी मुंबईत कापडाच्या गिरण्या वाढत होत्या. गावाकडची माणसं पोटासाठी तिकडे जात. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत काम चाले. बायकाही कामावर असत आणि सात-आठ वर्षांची लेकरंही. सणाला गिरणी बंद राहिली तर राहिली, पण दर आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती.

१८८१ मध्ये सरकारने पहिला कारखाना कायदा केला. त्यात सात वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला बंदी आली. सात ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त काम द्यायचं नाही आणि महिन्यातून चार सुट्ट्या द्यायच्या, असं ठरलं. म्हणजे बघा, कायद्याने सुट्टी आधी दिली ती लेकरांना. मोठ्या माणसांना त्यात काहीच नव्हतं.

तो प्रश्न नारायण मेघाजी लोखंडे यांनी हातात घेतला. ते महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते, 'दीनबंधू' या पत्राचे संपादक. गिरणीत नोकरी केलेली असल्याने कामगारांचे हाल त्यांनी जवळून पाहिले होते. १८८४ मध्ये त्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या आणि मागण्या लिहून काढल्या. रविवारी सुट्टी हवी. दुपारी अर्धा तास विसावा हवा. पगार वेळेवर हवा. कामावर इजा झाली तर मदत हवी. हजारो कामगारांनी त्या अर्जावर सह्या केल्या. रविवार हा खंडोबाचा वार, म्हणून तोच दिवस मोकळा हवा, असंही लोखंड्यांनी मांडलं, असं सांगतात.

मालक लगेच ऐकले नाहीत. सहा वर्षं गेली. एप्रिल १८९० मध्ये मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. त्या सभेत दोन कामगार बायकाही बोलायला उभ्या राहिल्या. घरातसुद्धा बाईने मोठ्याने बोलू नये, असा तो काळ! शेवटी १० जून १८९० ला गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षी कायदा सुधारला. आठवड्याची सुट्टी कायद्यात आली आणि बायकांचं काम दिवसाला अकरा तासांवर आणलं गेलं.

तर मैत्रिणींनो, रविवार कोणी फुकट दिलेला नाही. कष्ट करणाऱ्यांनी तो मागून घेतला आणि मागणाऱ्यांत बायका होत्या. फक्त तो गिरणीच्या दारापर्यंत आला, चुलीपर्यंत पोचलाच नाही. तिथवर आणायचं काम आपलं आहे.

बैठकीत आम्ही ठरवलं, अख्खा दिवस नाही जमला तरी एक तास धरू. रविवारी दुपारी चार ते पाच. त्याआधी घरातलं काम वाटून घ्यायचं. गणवेश ज्याचा त्याने पिळायचा, भांडी मोठ्या मुलाने घासायची, पाणी घरधन्याने भरायचं. मग तो तास सगळ्यांनी मिळून लेकरांबरोबर बसायचं.

करायचं काय? आपल्या खानदेशात खेळांना काय तोटा! भुलाबाईच्या महिन्यात पोरी झाकलेला डबा हलवून आत काय खाऊ आहे ते ओळखायला लावतात. तो खेळ कोणत्याही रविवारी खेळा. डब्यात फुटाणे टाका, गूळ टाका, चिंचोके टाकून फसवासुद्धा. मुलगेही खेळू देत. पोळ्याच्या आधीच्या रविवारी सगळ्यांनी मिळून मातीचे बैल करा. लहान मुलाच्या बैलाला तीन पाय झाले तरी चालतील. आखाजीला झोका बांधतो तेव्हा एक झोका आईचाही घ्या. होळीच्या आधी सातपुड्यातल्या आजोबांना काठीच्या होळीची गोष्ट सांगायला बसवा आणि पोरांना डब्यावर ढोल वाजवू द्या. पळसाच्या पानांची द्रोण-पत्रावळ, सागरगोटे, चिंचोक्यांचा पट. एक पैसा लागत नाही.

हे सगळ्यांना जमलं असं नाही. एका ताईच्या घरी पहिल्या रविवारी कोणीच कामाला हात लावला नाही. त्यांनी भांडी तशीच ठेवली आणि मुलीबरोबर सागरगोटे खेळत बसल्या. दुसऱ्या रविवारी सासूबाईंनीच नातवाला भांड्यांकडे पाठवलं. दुसऱ्या एका ताईंचं घर दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातं, मोठा मुलगा आश्रमशाळेत राहतो. त्या म्हणाल्या, "आमच्या घरी सगळे एकत्र असे रविवार बोटांवर मोजण्याएवढेच." ते ऐकून आम्ही सगळ्या गप्प झालो. एका तासाची किंमत त्यांच्याइतकी आम्हाला कोणालाच कळलेली नव्हती. त्यांनी निघायच्या आधीचा रविवार धरला. मुलाला आश्रमशाळेतून आणलं आणि चौघांनी मिळून बैल केले. पोळा कधीच होऊन गेला होता, तरीही.

पुढच्या बैठकीला येताना बचतीच्या पैशाबरोबर एक खेळ आठवून आणा, तुमच्या आईने तुम्हाला शिकवलेला. वहीच्या शेवटच्या पानावर आम्ही तो लिहून घेऊ. आणि या रविवारी चार वाजता हातातलं काम खाली ठेवा.