पृष्ठसंस्कार व त्याचें वय

कागदपत्रांची परीक्षा करतांना अक्षराचें वळण, भाषा, मिति व शिक्का यांची छाननी आपण कसोशीनें करतों. परंतु ज्या पृष्ठावर अक्षर उमटलें त्यावर लेखनापूर्वीं कोणता संस्कार झाला होता व तो किती काळ टिकला, ही चौकशी क्वचितच होते. लेखनासाठीं सिद्ध केलेल्या पृष्ठास स्वतःचें वय असतें. तें लेखाच्या वयाहून निराळें असूं शकतें. आणि तें ओळखतां आलें तर संग्राहकाचे कांहीं संशय मिटतात व कांहीं हानि टळते, हें दाखविणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. उदाहरणें दोन घेतलीं आहेत: खानदेशचा जुना हातकागद, आणि आज त्याच कागदाभोवतीं आपण गुंडाळतों तें प्लॅस्टिक. दोन्ही पदार्थ रेणूंच्या लांब साखळ्यांचे बनलेले आहेत. अशांस शास्त्रज्ञ बहुवारिक म्हणतात.

(१)

आजच्या जळगांव जिल्ह्यांतील एरंडोल व यावल हीं गांवें देशी कागदासाठीं पूर्वीं प्रसिद्ध होतीं, असें इंग्रजी अमदानींतील गॅझेटियरांत नमूद आहे. साच्यावरून उतरलेला हातकागदाचा ताव टिपकागदासारखा असतो. त्यावर बोरू टेकतांच शाई फुटते. म्हणून तावास तांदळाची किंवा गव्हाची खळ देत, व वाळल्यावर तो अकीकासारख्या गुळगुळीत दगडानें घोटीत. खळीनें छिद्रें बुजतात, घोटाईनें तंतु दबून बसतात, आणि काजळ व डिंक यांची शाई आंत न झिरपतां वरच्यावर थांबते.

हा संस्कार चिरंजीव नव्हे. खळ हें किडीचें आवडतें खाद्य. शिवाय दमट हवेनें तिची पकड ढिली होते. दीर्घकाळ कोरा राहिलेला ताव आज लिहावयास घेतला तर शाई कडेनें फुटूं लागते. येथेंच परीक्षकास एक साक्षीदार लाभतो. १८५२ च्या कायद्यान्वयें इनाम कमिशननें मुंबई इलाख्यांतील इनामांची चौकशी चालविली, तेव्हां जुन्या सनदेस आलेलें मोल पाहतां, जुन्या कोऱ्या तावावर नवी सनद लिहिण्याचा मोह किती बलवत्तर असेल हें सांगणें नको. अशा लेखाचा कागद जुना, शाई जुन्या कृतीची, वळणहि हुबेहूब. पण संस्कार मावळल्यावर लिहिलेलें अक्षर कडेस केसाळ दिसतें. अक्षर घडीवर पडलें असल्यास खूण अधिक स्पष्ट होते. लेखनानंतर पडलेली घडी शाई तोडते. आधीं पडलेल्या घडींत शाई उकललेल्या तंतूंमधून पसरते. मात्र अस्सल कागदहि भिजला असतां त्याची शाई पसरते, म्हणून ही साक्ष एकटी निर्णायक मानूं नये.

(२)

प्लॅस्टिकची अडचण याच्या उलट आहे. कोरा कागद शाई फार पितो. पॉलिथिन तिला थाराच देत नाहीं. त्याच्या साखळ्या केवळ कार्बन व हायड्रोजन यांच्या असल्यानें पाण्यास किंवा शाईस धरण्यासारखें तेथें कांहीं नसतें. यावर उपाय विजेनें काढला. १८५७ सालीं जर्मनींत वेर्नर झीमेन्स यानें ओझोन तयार करण्यासाठीं, मध्यें कांच ठेवून हवेंत विद्युत्-विसर्ग घडविण्याची युक्ति प्रसिद्ध केली. विजेनें अशा रीतीनें भारलेल्या वायूस १९२८ सालीं अमेरिकेंत अर्व्हिंग लँगम्यूर यानें प्लाझ्मा हें नांव दिलें. पुढें १९५१ च्या सुमारास डेन्मार्कमध्यें व्हर्नर आयस्बी यानें प्लॅस्टिकच्या पातळ पटलावर छपाईपूर्वीं अशाच विसर्गाची योजना केली.

पटल एका रुळावरून धांवतें. एकदोन मिलिमीटर अंतरावरील पट्टीस हजारों व्होल्टचा दाब दिलेला असतो. क्षणार्धांत विसर्गांतील इलेक्ट्रॉन साखळ्या तोडतात आणि तुटल्या जागीं हवेंतील ऑक्सिजन जडतो. ही पालट कांहीं नॅनोमीटर खोल, म्हणजे केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्शाहूनहि कमी असते. पण तेवढ्यानें पॉलिथिनचा पृष्ठताण सुमारें ३१ वरून ४० डाइनच्या घरांत जातो व शाई बसते. दुधाच्या पिशवीवरील छाप याच संस्काराच्या बळावर टिकतो.

(३)

वैशेषिकांनीं संस्काराचे वेग, भावना व स्थितिस्थापक असे तीन भेद मानले. पालटलेल्या वस्तूस पूर्वस्थितीवर आणणारा तो तिसरा. त्याचा आश्रय सांगतांना अन्नंभट्टानें तर्कसंग्रहांत चटईचा निर्देश केला आहे. गुंडाळून ठेवलेली चटई पसरून सोडली कीं पुन्हां वळते. प्लॅस्टिकच्या चटयांसाठीं ख्यात असलेल्या जळगांवकडील वाचकांस तर हें उदाहरण घरचेंच वाटेल.

प्लाझ्मानें संस्कारिलेल्या पृष्ठाचेंहि असेंच होतें. ऑक्सिजन धारण करणारे साखळ्यांचे भाग हळूहळू आंत वळतात व मूळचें निरिच्छ अंग पुन्हां वर येतें. पटल सुटें राहावें म्हणून त्यांत मिसळलेलीं स्निग्ध द्रव्यें पाझरून पृष्ठावर चढतात. हवेंतील मळ बसतो तो निराळाच. बहुतेक घट पहिल्या कांहीं दिवसांत व आठवड्यांत होते. उष्णतेनें ती वाढते, आणि खानदेशांत उन्हाळा चाळीस अंशांपलीकडे जातो. संस्कार अति केल्यानेंहि लाभ नाहीं; तुटक्या साखळ्यांचा एक कच्चा थर तयार होतो व तो पाण्यानेंहि सुटतो. म्हणून मुद्रक संस्कार होतांच छापतो. ताज्या संस्कारावर बसलेली शाई टिकते. मावळलेल्या संस्कारावरील शाई नखानें निघते. एरंडोलच्या तावावरील शिळी खळ आणि पॉलिथिनवरील शिळा विसर्ग यांचा न्याय एकच.

(४)

यांतून संग्राहकांनीं घ्यावयाचा बोध व्यावहारिक आहे. पुष्कळ ठिकाणीं रुमालाचा क्रमांक प्लॅस्टिकच्या वेष्टनावरच लेखणीनें घालतात. बाजारांतून आलेल्या वेष्टनावरील संस्कार, मुळांत झाला असला तरी, बहुधा ओसरलेला असतो. क्रमांक पुसला कीं पोथी कोणत्या गांवची, कोणत्या घराण्याच्या दप्तरांतील, हें सांगणारा धागा तुटतो. आणि मूलस्थान हरपलेल्या कागदाचें ऐतिहासिक मोल निम्मेहि उरत नाहीं.

तरी क्रमांक वेष्टनावर न घालतां आम्लरहित कागदाच्या चिठीवर शिसपेन्सिलीनें लिहून ती आंत ठेवावी. पीव्हीसीचें वेष्टन वापरूं नये. कालांतरानें त्यांतून हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतें व त्यांतील मऊपणा आणणारें द्रव्य शाई उचलतें. पारदर्शक वेष्टन हवेंच असेल तर लेप व डिंक नसलेलें पॉलिएस्टर घ्यावें. नाहींतर धुवट, न रंगविलेल्या सुती कापडाचा रुमाल आहेच. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकांतील पहिल्या समासांत, कागद झडला तरी अक्षरास धक्का लागूं नये म्हणून भोंवतीं जागा सोडून लिहावें, असा उपदेश आहे. पृष्ठ झिजणारच हें गृहीत धरून अक्षराची सोय करणें, हेंच त्यांतील मर्म. आपल्या क्रमांकांची सोयहि आपण त्याच दृष्टीनें लावावी.