तंतूपासून प्रबंधापर्यंत : कॉम्पोझिट पदार्थांच्या अभियांत्रिकीतील पीएच.डी. प्रशिक्षणाचा इतिहास

प्रास्ताविक :

एखादी ज्ञानशाखा विद्यापीठात केव्हा जन्माला येते, या प्रश्नाचे उत्तर सामान्यतः विभागाच्या स्थापनेचे वर्ष सांगून दिले जाते. अभियांत्रिकीच्या काही शाखांना हे उत्तर लागू पडत नाही. कॉम्पोझिट पदार्थांची अभियांत्रिकी ही अशीच एक शाखा होय. तिचा मूळ पदार्थ विद्यापीठाबाहेर जन्मला, तिला पैसा संरक्षण खात्यांनी पुरविला आणि तिची पहिली मोठी परीक्षा कारखान्यात झाली. विद्यापीठ तिच्यापर्यंत उशिरा पोहोचले. परंतु पोहोचल्यानंतर पीएच.डी. या पदवीचे स्वरूपच या शाखेने बदलून टाकले. प्रस्तुत निबंधात या घडामोडींचा अमेरिका व ब्रिटन या दोन देशांच्या संदर्भात मागोवा घेतला आहे आणि त्यातून आपल्याकडील संशोधक-प्रशिक्षणाविषयी काही निष्कर्ष मांडले आहेत. निबंधाची पद्धत ऐतिहासिक व वर्णनात्मक आहे.

१. विषयाचे स्वरूप :

दोन भिन्न पदार्थ एकत्र आणून, दोघांपैकी एकातही नसलेले गुण मिळविणे ही कल्पना प्राचीन आहे. मातीत भुसा किंवा गवत कालवून भिंत लिंपणाऱ्या आपल्या खेडुतास ती ठाऊक होती. आधुनिक कॉम्पोझिटमध्ये मातीची जागा रेझीन घेते आणि गवताची जागा काच किंवा कार्बन यांचे तंतू घेतात. तंतू भार पेलतात; रेझीन त्यांना एकत्र धरून ठेवते आणि एका तंतूवरचा भार दुसऱ्यावर पोहोचविते.

या पदार्थाची अडचण त्याच्या गुणातच आहे. पोलाद सर्व दिशांना जवळजवळ सारखेच वागते. कॉम्पोझिट मात्र लाकडाप्रमाणे दिशेनुसार वागते. शिरेच्या दिशेने लाकूड ओढले तर ते दाद देत नाही. त्याच दिशेने कुऱ्हाड घातली तर सहज फुटते. शिवाय पोलादाचा पत्रा बाजारातून विकत आणून त्याची वस्तू घडविता येते. कॉम्पोझिटमध्ये पदार्थ आणि वस्तू एकाच वेळी घडतात. म्हणून येथे तंतूचे रसायन, रेझीनची घट्ट होण्याची प्रक्रिया, थरांची रचना आणि भाराचे गणित या चारही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असतात. यांपैकी एकच जाणणारा मनुष्य संपूर्ण वस्तूची हमी देऊ शकत नाही. संशोधकाच्या प्रशिक्षणाचा प्रश्न येथूनच सुरू होतो.

२. तंतूचा शोध विद्यापीठाबाहेर :

ए. ए. ग्रिफिथ यांनी फार्नबरो येथील ब्रिटिश विमान-संशोधन संस्थेत काम करीत असताना, काचेचा तंतू जितका बारीक तितका तो बळकट, हे दाखवून दिले. त्यांचा हा प्रसिद्ध निबंध १९२१ मध्ये प्रकाशित झाला. पदार्थाची ताकद त्यातील सूक्ष्म दोषांवर अवलंबून असते, हा सिद्धांत पुढील सर्व कार्याचा पाया ठरला.

कार्बन तंतूचा इतिहासही असाच आहे. १९५८ मध्ये रॉजर बेकन यांनी अमेरिकेतील युनियन कार्बाइड कंपनीच्या प्रयोगशाळेत ग्रॅफाइटचे अत्यंत बळकट तंतू तयार केले. त्यानंतर अल्पावधीतच जपानमधील ओसाका येथील शासकीय संशोधन संस्थेत अकिओ शिंदो यांनी पॉलिअ‍ॅक्रिलोनायट्राइल या कृत्रिम धाग्यापासून कार्बन तंतू बनविण्याचा मार्ग दाखविला. १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत फार्नबरो येथेच विल्यम वॉट, लेस्ली फिलिप्स व विल्यम जॉन्सन यांनी उच्च ताकदीच्या तंतूची प्रक्रिया विकसित केली. एक खाजगी कंपनी आणि दोन शासकीय प्रयोगशाळा अशी या तंतूची जन्मस्थाने होत. त्यांत विद्यापीठाचे नाव नाही, ही बाब लक्षणीय आहे.

३. १९७० चा धडा :

ब्रिटनमध्ये या तंतूच्या उत्पादनाचे परवाने तीन कंपन्यांना मिळाले. त्यांपैकी रोल्स-रॉइस कंपनीने आरबी २११ या नव्या विमान-इंजिनाच्या पुढील पंख्याची पाती कार्बन तंतूंच्या कॉम्पोझिटची करण्याचे ठरविले. या पदार्थाचे व्यापारी नाव हायफिल असे होते. वजनात मोठी बचत होणार होती आणि अमेरिकेच्या लॉकहीड कंपनीशी करारही झाला होता.

१९७० मध्ये पक्षी आदळण्याच्या चाचणीत ही पाती टिकली नाहीत. तंतूच्या दिशेने येणारा प्रचंड ताण पेलणारे पाते आडव्या आघाताने विदीर्ण झाले. कंपनीला टायटॅनियमच्या पात्यांकडे वळावे लागले. खर्च आधीच हाताबाहेर गेला होता. ४ फेब्रुवारी १९७१ रोजी कंपनी दिवाळखोरीत गेली आणि ब्रिटिश सरकारला ती ताब्यात घ्यावी लागली. या दिवाळखोरीस करारातील ठरीव किंमत व इंजिनाचा एकूण विकासखर्च ही कारणेही होती. केवळ पात्यांवर सर्व दोष टाकणे इतिहासाला धरून होणार नाही. तथापि तंतूचे सामर्थ्य ठाऊक असणे आणि तंतूच्या वस्तूचे वर्तन ठाऊक असणे यांत केवढे अंतर आहे, हे या घटनेने जगाला दाखविले. पुढे १९९५ मध्ये अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे जीई ९० हे इंजिन कॉम्पोझिटच्याच पात्यांसह प्रवासी सेवेत आले. पात्याच्या आघात झेलणाऱ्या कडेस टायटॅनियमचे आवरण होते. मूळ कल्पना चुकीची नव्हती. ती सिद्धीस नेणारे ज्ञान तयार व्हायला पंचवीस वर्षे लागली.

४. अमेरिकेतील प्रयोग : विभागांच्या भिंती ओलांडणे

१९५७ मध्ये सोव्हिएत संघाने स्पुटनिक सोडल्यानंतर अमेरिकेत पदार्थविज्ञानातील मनुष्यबळाची टंचाई हा राष्ट्रीय चिंतेचा विषय झाला. १९६० मध्ये संरक्षण खात्याच्या आर्पा या संस्थेने कॉर्नेल, पेनसिल्व्हेनिया व नॉर्थवेस्टर्न या विद्यापीठांत आंतरविद्याशाखीय प्रयोगशाळा सुरू केल्या. भौतिकी, रसायन व धातुविज्ञान या विभागांतील प्राध्यापकांनी सामायिक उपकरणे वापरावीत आणि त्यातून अधिक पीएच.डी.धारक तयार व्हावेत, असा हा हेतू होता. विद्यापीठांना आजवर जे आपणहून जमले नव्हते ते बाहेरच्या निधीने घडविले.

कॉम्पोझिटच्या बाबतीत याच संस्थेने १९६५ मध्ये मोन्सँटो कंपनी व सेंट लुइस येथील वॉशिंग्टन विद्यापीठ यांची सांगड घातली. १९६७ मध्ये कॉम्पोझिटविषयक स्वतंत्र नियतकालिक निघाले. त्याचे पहिले संपादक स्टीफन त्साय हे होते. नियतकालिकाचे महत्त्व येथे विशेष आहे. प्रबंध तपासणारे तज्ज्ञ कोठून आणावयाचे, हा नव्या शाखेपुढील पहिला प्रश्न असतो. नियतकालिकामुळे असा तज्ज्ञसमाज आकारास येतो. १९७१ मध्ये याच नियतकालिकात त्साय व वू यांनी पदार्थ केव्हा तुटेल हे सांगणारा निकष मांडला. तो आजही जगभरच्या अभ्यासक्रमांत शिकविला जातो.

१९७४ मध्ये डेलावेअर विद्यापीठात जॅक विन्सन यांच्या नेतृत्वाखाली कॉम्पोझिट पदार्थांचे केंद्र स्थापन झाले. १९८५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाने जी पहिली सहा अभियांत्रिकी संशोधन केंद्रे निवडली, त्यांत रटगर्सच्या सहकार्याने डेलावेअरची निवड झाली. येथील विद्यार्थी पदवी आपापल्या मूळ विभागाची घेतो, पण काम केंद्रात करतो. पदवीचा अधिकार विभागाकडे आणि प्रशिक्षणाची जागा केंद्राकडे, अशी ही तडजोड होती. विभाग मोडल्याविना विभागांच्या भिंती ओलांडण्याचा हा व्यवहार्य मार्ग ठरला.

५. ब्रिटनमधील प्रयोग : एकट्या शिष्याकडून तुकडीकडे

ब्रिटिश पीएच.डी.ची परंपरा एक मार्गदर्शक, एक विद्यार्थी व एक प्रबंध अशी होती. तिच्यात अध्यापनाला स्थान जवळजवळ नव्हते. १९९२ मध्ये तेथे अभियांत्रिकी डॉक्टरेट ही वेगळी पदवी सुरू झाली. चार वर्षांपैकी बहुतांश काळ संशोधकाने उद्योगात घालवावा आणि प्रत्यक्ष उत्पादनातील प्रश्न सोडवावा, अशी तिची योजना होती.

२००९ मध्ये ब्रिटनच्या अभियांत्रिकी व भौतिक विज्ञान संशोधन परिषदेने डॉक्टरेट प्रशिक्षण केंद्रांची योजना मोठ्या प्रमाणावर राबविली. त्यात ब्रिस्टल विद्यापीठात प्रगत कॉम्पोझिटचे केंद्र सुरू झाले. चार वर्षांच्या या प्रशिक्षणात आरंभी शिकविले जाणारे अभ्यासक्रम असतात आणि विद्यार्थी तुकडीने प्रवेश घेतात. गणिती व रसायनज्ञ एकाच वर्गात बसतात, एकत्र थर रचतात आणि एकमेकांची भाषा शिकतात. २०११ मध्ये ब्रिस्टलजवळच राष्ट्रीय कॉम्पोझिट केंद्र उभे राहिले आणि उत्पादनविषयक डॉक्टरेटला कारखान्याच्या आकाराची यंत्रे उपलब्ध झाली. याच सुमारास, २०११ च्या अखेरीस, बोइंग ७८७ हे वजनाच्या सुमारे निम्मा भाग कॉम्पोझिट असलेले विमान प्रवासी सेवेत आले. यावरून तज्ज्ञांच्या मागणीची कल्पना येईल.

६. अनुत्तरित प्रश्न :

या इतिहासाला दुसरी बाजूही आहे. पहिला प्रश्न ज्ञानाच्या खुलेपणाचा आहे. प्रबंध हा ग्रंथालयात ठेवण्याचा, कोणीही तपासून पाहावा असा दस्तऐवज असतो. उद्योग व संरक्षण यांच्या निधीतून झालेल्या कामावर मात्र गोपनीयतेची बंधने येतात. जो प्रबंध वाचता येत नाही, त्याला ज्ञानात घातलेली भर म्हणावयाचे काय?

दुसरा प्रश्न ज्ञानाच्या खात्रीचा आहे. ब्रिटनमधील हिंटन, कद्दूर व सॉडन यांनी जगातील नामवंत संशोधकांना आपापल्या सिद्धांतानुसार, चाचणीचे निकाल न पाहता, कॉम्पोझिटचे तुटणे वर्तविण्यास सांगितले. १९९८ पासून प्रसिद्ध होत गेलेल्या आणि २००४ मध्ये ग्रंथरूपाने आलेल्या या उपक्रमाने सिद्धांतांमधील मोठी तफावत उघड केली. उद्योगाला तातडीने हवे असलेले उत्तर आणि विषयाला खरोखर हवे असलेले उत्तर एकच असते असे नाही. दुसऱ्या प्रकारच्या उत्तराचा शोध घेण्याची मोकळीक विद्यापीठाखेरीज अन्यत्र क्वचितच मिळते.

७. भारतीय संदर्भ :

४ जानेवारी २००१ रोजी प्रथम उड्डाण केलेल्या तेजस या लढाऊ विमानाच्या सांगाड्यात वजनाने सुमारे ४५ टक्के कॉम्पोझिट आहे आणि त्याच्या विकासात बंगळुरूच्या नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीज या संस्थेचा मोठा वाटा आहे. म्हणजे आपल्याकडेही हे ज्ञान प्रथम शासकीय प्रयोगशाळेत रुजले. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ च्या नियमावलीने पीएच.डी.साठी किमान एका सत्राचा अभ्यासक्रम अनिवार्य केला, हे स्वागतार्ह पाऊल होते. परंतु अनेक ठिकाणी हा अभ्यासक्रम संशोधनपद्धतीच्या सर्वसाधारण व्याख्यानांपुरता उरतो आणि उपस्थितीपत्रकावरील स्वाक्षरीने संपतो. रसायनशास्त्राचा संशोधक व यंत्र अभियांत्रिकीचा संशोधक एकाच आवारात पाच वर्षे काढतात आणि एकमेकांच्या प्रयोगशाळेत एकदाही जात नाहीत, हे दृश्य आपणा प्राध्यापकांना अपरिचित नाही.

निष्कर्ष :

१) कॉम्पोझिट अभियांत्रिकीत पदार्थाचा शोध विद्यापीठाबाहेर लागला, विद्यापीठाचे योगदान मुख्यतः तो पदार्थ समजणारी माणसे घडविण्याचे आहे.

२) विभागीय चौकट राखूनही सामायिक केंद्राद्वारे आंतरविद्याशाखीय प्रशिक्षण देता येते, हे डेलावेअरच्या उदाहरणावरून दिसते.

३) तुकडीने दिले जाणारे प्रशिक्षण एकाकी संशोधनापेक्षा या विषयास अधिक अनुरूप आहे, मात्र त्यासाठी अभ्यासक्रम विषयाच्या गरजेतून आखावा लागतो.

४) उद्योगाचा सहभाग आवश्यक असला, तरी प्रबंधाचा खुलेपणा व मूलभूत प्रश्नांची मोकळीक यांचे रक्षण विद्यापीठानेच केले पाहिजे.

तंतू एकटा असता तर केवळ दोरा ठरला असता आणि रेझीन एकटे असते तर ठिसूळ ठोकळा. दोघांना धरून ठेवणारा दुवा निकामी झाला की उत्तमातील उत्तम तंतूही व्यर्थ जातो, हे १९७० च्या त्या चाचणीने शिकविले. विभागाविभागांतील असा दुवा निर्माण करणे हे संशोधन-मार्गदर्शकाचे कर्तव्य आहे, इतके या इतिहासातून निश्चितपणे सांगता येते.